मास्टर कृष्णराव आणि बोलपटातले संगीत

वाचकहो, शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत शिक्षणमहर्षींचे, समाजसुधारकांचे अथवा उलेमांचे चरित्र यावे अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. यंदा मात्र हे पान उघडताच एका गवयाचे नाव दिसेल, आणि तोही बोलपटांना चाली देणारा गवई! काही वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटेल हे मी जाणून आहे. त्यांना माझी एवढीच विनंती, की लेख शेवटपर्यंत वाचावा आणि मग हवा तो निर्णय द्यावा. आपली मुले आज दिवसभर कानाला यंत्र लावून गाणी ऐकतात. ती काय ऐकतात यावर आपण बोलतो. ते गाणे त्या चित्रात का आले, तेथे ते नसते तर काय बिघडले असते, याविषयी मात्र आपण त्यांच्याशी कधी बोलत नाही. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांचे आयुष्य या प्रश्नाभोवतीच बरेचसे फिरले आहे, म्हणून त्यांची निवड केली.

कृष्णरावांचा जन्म २० जानेवारी १८९८ रोजी देवाच्या आळंदीस झाला. म्हणजे माणूस आपल्या शेजारचाच. आंबेगाव तालुक्याला लागून खेड, आणि खेड तालुक्यात आळंदी. घराणे मूळचे मराठवाड्यातील फुलंब्रीचे, म्हणून आडनाव फुलंब्रीकर. ज्ञानेश्वरमहाराजांच्या समाधीच्या गावी जन्मलेल्या मुलाच्या कानांवर पहिले संगीत पडले ते टाळ-मृदंगाचे आणि हरिपाठाचे, हे निराळे सांगावयास नको. आपल्या जुन्नर तालुक्यात आळे येथे, ज्याच्या मुखातून ज्ञानेश्वरांनी वेद वदविले असे सांगतात त्या रेड्याची समाधी आहे. मुक्या जनावरास वाचा फुटली ही गोष्ट ज्या पट्ट्यात घरोघर सांगितली जाते, त्याच पट्ट्यातील एका मुलाने पुढे मुक्या चित्रांना गाते करण्याच्या कामी हात लावावा, हा योगायोग मला मोठा गोड वाटतो. योगायोग म्हणूनच तो सांगितला, त्याहून अधिक अर्थ कोणी काढू नये.

मुलाचा गळा चांगला निघाला. त्या काळी चांगल्या गळ्याच्या गरीब मुलाला दोनच वाटा असत, कीर्तन नाही तर नाटक मंडळी. कृष्णा नाट्यकला प्रवर्तक मंडळीत बालनट म्हणून दाखल झाला. पुढे सवाई गंधर्व म्हणून गाजलेले रामभाऊ कुंदगोळकर त्याच मंडळीत होते. शाळेचे शिक्षण बेताचेच झाले. परंतु १९११च्या सुमारास त्याला जो गुरू लाभला, त्याने शाळा-कॉलेजची उणीव भरून काढली. हे गुरू म्हणजे पंडित भास्करबुवा बखले.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते, कारण आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत ही गोष्ट सांगितलीच पाहिजे. भास्करबुवा १८६९ साली जन्मलेले ब्राह्मण कुळातील गृहस्थ. पण त्यांनी विद्या मिळविली कोणापासून? पहिली दीक्षा बीनकार बंदे अली खाँ यांच्याकडून, ज्यांचे निधन पुण्यात झाले आणि ज्यांची कबरही पुण्यातच आहे. ग्वाल्हेरची गायकी बडोद्याच्या फैज महंमद खाँ यांच्याकडून. आग्र्याची नत्थन खाँ यांच्याकडून. आणि जयपूरची तालीम कोल्हापूर दरबारचे गवई उस्ताद अल्लादिया खाँ यांच्याकडून. एकेका उस्तादाच्या दारी वर्षानुवर्षे राहायचे, पडेल ते काम करायचे, आणि खाँसाहेबांची मर्जी लागेल तेव्हा दोन ताना पदरात पाडून घ्यायच्या, असा तो खडतर क्रम होता. उस्तादांनीही शागिर्दाची जात विचारली नाही. आपल्यापाशी जे उत्तम होते ते या परधर्मीय शिष्याच्या गळ्यात घातले. भास्करबुवांनी ते सारे कृष्णरावांना दिले. पुढे भर मराठी बोलपटात, संतांच्या आणि गोपाळांच्या तोंडी ज्या चाली आपण ऐकल्या, त्यांच्या मुळाशी या चार खाँसाहेबांची विद्या आहे. महाराष्ट्राच्या संगीताचा इतिहास लिहिताना ही नावे पहिल्या ओळीत येतात, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे.

भास्करबुवा १९२२ साली वारले. कृष्णराव तोवर गंधर्व नाटक मंडळीत स्थिरावले होते. बालगंधर्व हेही भास्करबुवांचेच शिष्य, म्हणजे गुरुबंधू. बुवांच्या मागे मंडळीच्या नाटकांना चाली देण्याचे काम कृष्णरावांकडे आले. ‘कान्होपात्रा’ (१९३१) हे त्यांतील सर्वांत लोकप्रिय. स्वतः ते रंगभूमीवर भूमिकाही करीत आणि बैठकीत ख्यालही गात. गाणे चपळ, मिष्किल, एका रागातून दुसऱ्याची झुळूक दाखवून परत येणारे असे. कर्मठ श्रोते नाक मुरडीत, पण बैठक मात्र सोडीत नसत.

आता रंगभूमीवरील गाण्याची रीत ध्यानात घ्या, म्हणजे पुढचे कळेल. नाटकात पद सुरू झाले की कथा थांबे. नायिका पत्र वाचत असेल, शत्रू दाराशी आला असेल, पण पद म्हणजे पद. प्रेक्षकांतून वन्समोअर येई आणि तेच पद निराळ्या ताना घेऊन पुन्हा होई. तीन वन्समोअर म्हणजे अर्धा तास गेला. शत्रू बिचारा विंगेत उभा राही. लोक गाणे ऐकावयासच आलेले असत, म्हणून कोणाची तक्रार नव्हती. रात्री सुरू झालेले नाटक पहाटे संपे.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात ‘आलम आरा’ झळकला आणि हिंदी पडदा बोलू लागला. पुढच्याच वर्षी प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ आणला. त्याला संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते. तत्पूर्वी मूकपटाच्या थिएटरात पडद्याजवळ तबला-पेटीवाले बसत आणि चित्रात काय चालले आहे ते पाहून मनाला येईल ते वाजवीत. एकाच चित्राला पुण्यात एक संगीत आणि जुन्नरच्या जत्रेतील तंबूत दुसरे! बोलपटाने ही मौज संपविली. आवाज प्रकाशाच्या रेघेच्या रूपाने फिल्मच्या कडेला छापला गेला, सेकंदाला चोवीस चित्रे पुढे सरकू लागली, आणि ज्या चित्राला जो स्वर जोडला तो कायमचा जोडला गेला. वाजविणाऱ्याची लहर गेली, जबाबदारी आली.

आरंभी सोय फार अपुरी होती. आज नट केवळ ओठ हलवितो आणि गळा दुसऱ्याचा असतो. ती पद्धत हिंदुस्थानात १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने रूढ केली. त्याआधी नटानेच गायचे, तेही चित्रीकरण चालू असताना. मायक्रोफोन कॅमेऱ्याच्या नजरेआड टांगलेला, वादक पडद्यामागे वा झाडाआड दडून बसलेले, आणि सर्वांचा आवाज एकाच वेळी टिपला जाणार. तबला जवळ आला तर गळा बुडतो, लांब गेला तर ठेका हरवतो. कोणी खोकले की सारे पुन्हा. अशा या कैदेत चाल बांधायची म्हणजे नाटकातील तानांची श्रीमंती दारातच ठेवून आत शिरावे लागे. मोठमोठ्या गवयांना हे जमले नाही. त्यांना तो अपमान वाटला.

कृष्णराव प्रभातमध्ये आले ते ‘धर्मात्मा’ (१९३५) या चित्रासाठी. प्रभात कंपनी कोल्हापुरात १ जून १९२९ रोजी स्थापन झाली आणि १९३३मध्ये पुण्यास आली. तिच्या बोधचिन्हात एक स्त्री तुतारी फुंकीत उभी असे. चित्र सुरू होण्याआधी नुसत्या त्या तुतारीने थिएटर शांत होई. ‘धर्मात्मा’ हे संत एकनाथांचे चरित्र. आधी त्याचे नाव ‘महात्मा’ होते. त्यात गांधीजींचा वास येतो म्हणून सेन्सॉरने हरकत घेतली आणि नाव बदलावे लागले. एकनाथ झाले साक्षात बालगंधर्व. आयुष्यभर शालू नेसून रंगभूमी गाजविलेल्या या नटाला लोकांनी पुरुषवेषात पाहिले आणि त्यांचा हिरमोड झाला. चित्र चालले नाही. मला मात्र वाटते, की कारण केवळ वेषाचे नव्हते. बालगंधर्वांचे गाणे फुलत जाणारे. त्याला समोर श्रोता हवा, त्याची दाद हवी, वेळ हवा. पडद्याने त्यांना तीन-चार मिनिटे दिली आणि दाद द्यायला कोणी ठेवले नाही. त्यांच्या गुरुबंधूला मात्र या अपयशातून उमगले, की येथे गाणे कथेचे मालक नव्हे, चाकर आहे. चाकरी म्हटली की कमीपणा आलाच असे नाही, हे समजण्यास मोठा गवई लागतो.

‘अमर ज्योती’ (१९३६) हे चाच्यांच्या राणीचे चित्र. दुर्गा खोटे त्यात नायिका होत्या, आणि शांता आपटे यांच्या गाण्याने ते गाजले. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

‘गोपाळकृष्ण’ची (१९३८) हकीकत मात्र सांगण्याजोगी. प्रभातचे अगदी पहिले चित्र, १९२९ सालचे, त्याचेही नाव ‘गोपाळकृष्ण’च होते. ते मूकपट होते. त्यात कृष्णाच्या ओठी बासरी दिसे, पण ऐकू येत नसे. ती कशी वाजत असेल हे प्रेक्षकाने मनाशी ठरवायचे, नाही तर तंबूतल्या पेटीवाल्याने. नऊ वर्षांनी दामले-फत्तेलालांनी तीच कथा बोलपटात घेतली आणि न ऐकू आलेली ती बासरी ऐकविण्याचे काम कृष्णरावांवर आले. प्रत्येक प्रेक्षकाच्या मनात आपापली बासरी आधीच वाजत असते. तिला खोटे न पाडता खरी बासरी वाजवायची, ही केवढी जोखीम! कृष्णरावांनी दरबारी डौल टाळून गुराख्यांच्या तोंडी शोभतील अशा सोप्या, उड्या मारीत जाणाऱ्या चाली बांधल्या. रानात गुरे राखणारी मुले गातील अशाच त्या वाटतात. बाळकृष्ण झालेला राम मराठे पुढे कृष्णरावांचाच शिष्य झाला आणि थोर गवई म्हणून नावाजला.

प्रभातमध्ये तेव्हा दुसरे संगीतकार होते केशवराव भोळे. ‘संत तुकाराम’ (१९३६) त्यांचे. त्यांनी ‘कुंकू’ (१९३७) या चित्रात एक धाडस केले. वयस्क वकिलाशी फसवून लग्न लावून दिलेल्या मुलीची ती कथा. भोळ्यांनी आणि दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी ठरविले, की या चित्रात अदृश्य वाद्यवृंद नको. घरात जे आवाज असतात तेच ऐकू येतील. गाणे असेल तर ग्रामोफोनवर लागलेले किंवा कोणी तोंडाने म्हटलेले. कृष्णरावांच्या चरित्रात हे सांगण्याचे कारण असे, की दोघे एकाच आवारात काम करीत होते आणि एकाच प्रश्नाला दोन टोकांकडून भिडत होते. भोळे विचारीत, संगीत काढून घेतले तर काय उरते? कृष्णराव विचारीत, संगीत ठेवायचेच तर ते कोणाच्या तोंडी, कोणत्या निमित्ताने? आमच्या शाळांच्या स्नेहसंमेलनात नाटुकल्यामागे सतत रेकॉर्ड लावून ठेवणाऱ्या हौशी मंडळींनी ‘कुंकू’ एकदा जरूर पाहावा. (हा टोमणा मी स्वतःलाही मारून घेतो आहे.)

‘माणूस’ (१९३९) मध्ये कृष्णरावांनी आपल्या प्रश्नाचे उत्तर दिले. गणपत नावाचा हवालदार आणि मैना नावाची नायकीण यांची ही कथा. गणपत झाले शाहू मोडक. ते अहमदनगरचे मराठी ख्रिस्ती, आणि पडद्यावर कृष्ण म्हणून प्रसिद्ध! मैना झाल्या शांता हुबळीकर. मैनेचे गाणे हा तिचा धंदाच आहे. ती गाते तेव्हा कथा थांबत नाही, उलट कथा तेथेच घडते. तिच्या माडीवर नाना प्रांतांचे गिऱ्हाईक येते. एकाच गाण्यात ती मराठीखेरीज इतर प्रांतांच्या भाषांतही कडवी म्हणते आणि चालही त्या त्या प्रांताचा ढंग घेत बदलते. ध्रुपद मात्र पुन्हा पुन्हा तेच, उद्याची चिंता कशाला करता, अशा आशयाचे. शब्द अनंत काणेकरांचे.

वाचकहो, या गाण्यावर दोन मिनिटे विचार करा. वरवर पाहता ती गंमत आहे. प्रेक्षक आपापल्या भाषेचे कडवे येताच खूष होतो. पण प्रत्येक गिऱ्हाइकाशी त्याच्या बोलीत गोड बोलणे हे या बाईचे पोट आहे. तिला स्वतःची अशी भाषाच उरलेली नाही. आणि उद्याची चिंता करू नका असे जी दुसऱ्यांना सांगते, तिला स्वतःला उद्या नाही. हे सारे पात्रांच्या तोंडून वदवायचे तर दोन पाने संवाद लागले असते आणि तो उपदेश झाला असता. चालीने ते हसत हसत केले. याच चित्रात गणपतच्या आईची भूमिका पुण्याच्या प्रसिद्ध गायिका सुंदराबाई यांनी केली. तिच्या तोंडी भजन. एका चित्रात दोन घरे, दोन बायका, दोन प्रकारचे गाणे. मधे उभा हवालदार कोठे ओढला जातो आहे ते डोळे मिटले तरी कळावे. चहा पोचविणाऱ्या पोऱ्याच्या भूमिकेत राम मराठे आहे. शिवाय त्या काळच्या गुलाबी प्रेमपटांची आणि त्यांतल्या गाण्यांची एक झकास नक्कलही आहे. बागेत उगाच गात फिरणारे प्रेमिक कसे हास्यास्पद दिसतात हे कृष्णरावांनी तसलेच गाणे रचून दाखविले. स्वतःच्या धंद्याची थट्टा करण्यास धैर्य लागते.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या चित्राकडे येतो. ‘शेजारी’, आणि हिंदीत ‘पडोसी’. साल १९४१. आदल्या वर्षी मार्चमध्ये लाहोरचा ठराव झाला होता. १९४१मध्ये ढाका आणि अहमदाबाद येथे दंगे पेटले. अशा वेळी शांतारामबापूंनी एका खेड्यातील दोन म्हाताऱ्यांची कथा घेतली. जिवबा आणि मिर्झा, घराला घर लागून, मैत्री पिढीजात, दोघांना बुद्धिबळाचे वेड. गावाजवळ धरण व्हायचे ठरते. धरणवाल्याला जमिनी हव्यात, आणि हे दोघे एक आहेत तोवर गाव हलणार नाही हे तो ओळखतो. तो दोघांत बिब्बा घालतो. शेजार मोडतो. अखेर धरण फुटते, आणि त्या लोंढ्यात दोघे मित्र हातात हात घालून मरतात.

मराठीत जिवबा झाले केशवराव दाते, हिंदीत त्याच भूमिकेतला ठाकूर झाले मझहर खान. मिर्झा दोन्ही भाषांत गजानन जागीरदार. म्हणजे हिंदी ‘पडोसी’त मुसलमान नट हिंदू झाला आणि हिंदू नट मुसलमान! ही अदलाबदल जाणूनबुजून केलेली होती. आजही हे आठवून मला भरून येते. जागीरदारांचा मिर्झा पाहून तो आमच्यातला नव्हे असे म्हणण्याची कोणाची छाती झाली नसती.

संगीत कृष्णरावांचे, मराठी गीते शांताराम आठवले यांची. प्रभातची रीत अशी, की एकाच सेटवर तोच प्रसंग आधी एका भाषेत, मग दुसऱ्या भाषेत चित्रित व्हायचा. चालही बहुधा तीच. ऐकायला सोपे वाटते, पण मराठी शब्दांतील ऱ्हस्वदीर्घाची ठेवण निराळी, हिंदी-उर्दूची निराळी. सम मराठीत ज्या अक्षरावर भारदस्त पडते, तेथे हिंदीत एखादे लटपटते अक्षर येऊन उभे राहते. चाल अशी हवी की जिवबाच्या गावालाही शोभावी आणि ठाकुराच्या गावालाही. येथे भास्करबुवांची शिदोरी उपयोगी पडली असे मी मानतो. ज्याच्या कानात आळंदीचा अभंग आणि आग्र्याची बंदिश लहानपणापासून शेजारी राहत आल्या, त्याला दोन भाषांचा एक स्वर शोधण्यास परके व्हावे लागत नाही.

या चित्रातील दिव्यांचे समूहनृत्य आणि त्याचे गाणे आजही दिवाळीत महाराष्ट्रभर वाजते. पुष्कळांना ते कोणत्या चित्रातील हेही ठाऊक नसते. पण ते कथेत कोठे येते ते पाहा. काळोख्या रात्री तरुण मुलेमुली दिवे घेऊन फेर धरतात. ठेका जोरकस, एकाने ओळ टाकावी आणि साऱ्यांनी झेलावी अशी रचना. नारायणगावच्या राहुट्यांतून तमाशाच्या साऱ्या महाराष्ट्राच्या सुपाऱ्या ठरतात, तेथल्या माणसाला झीलकऱ्यांची ही झेल काय असते ते सांगावयास नको. पेशवाईतील शाहीर सगनभाऊ हे शिकलगार मुसलमान होते, हीही आठवण जाता जाता द्यावीशी वाटते. असो. या गाण्यात एकटा आवाज नाही, गावाचा आवाज आहे. कृष्णरावांसारख्या तानबाज गवयाने येथे एकाही गळ्याला पुढे येऊ दिले नाही. सारे गाव एका लयीत आहे हे प्रेक्षकाच्या कानाला एकदा पटवून दिले, म्हणजे मग तीच लय तुटते तेव्हा काय गेले हे निराळे सांगावे लागत नाही. दु:खाच्या प्रसंगी सारंगी रडवली असती तर लोक क्षणभर हळहळले असते. त्याऐवजी आधी आनंद कानात भरून ठेवला, त्यामुळे त्याची उणीव शेवटच्या लोंढ्यापर्यंत टोचत राहते.

आपल्या दोन तालुक्यांतील वाचकांना या चित्रातील धरण दूरचे वाटणार नाही. कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव झाले, घोडवर डिंभे झाले. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव पडले ते मूळ गाव आज डिंभ्याच्या पाण्याखाली आहे. धरणांनी आपली शेते भिजविली, द्राक्षे आणि टोमॅटो पिकले, हे खरेच. पण गाव उठते तेव्हा घरासंगे शेजारही उठतो आणि नव्या वसाहतीत तोच शेजार पुन्हा मांडला जाईल याची हमी नसते. ‘शेजारी’त धरण हा खलनायक आहे असे मात्र मी म्हणणार नाही. खलनायक आहे तो कुजबुज करणारा माणूस. कुजबुजीला चाल नसते, ठेका नसतो, आणि तीच सर्वांत लांब ऐकू जाते.

‘शेजारी’नंतर शांतारामबापूंनी १९४२मध्ये प्रभात सोडली आणि मुंबईत राजकमल कलामंदिर काढले. कृष्णरावही तेथे गेले आणि ‘भक्तीचा मळा’ (१९४४) या चित्रात स्वतः सावता माळी झाले. त्याआधी आचार्य अत्र्यांच्या ‘वसंतसेना’ला (१९४२) त्यांचे संगीत होते. पण त्या वर्षातले त्यांचे महत्त्वाचे काम पडद्यावरचे नव्हे. मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’ नाटकाला त्यांनी चाली दिल्या. सिनेमात काम करणाऱ्या एका विवाहितेची ती कथा, नायिका ज्योत्स्ना भोळे. बोलपटात शिकलेला धडा ते आता रंगभूमीवर घेऊन आले. पदे मोजकी, आटोपशीर, आणि जेथे माणसाला गावेसे वाटेल तेथेच. ज्या रंगभूमीवर तीन वन्समोअरसाठी शत्रू विंगेत ताटकळत असे, तिला या नाटकाने घड्याळ लावले. जुन्या रसिकांना ते रुचले नाही. त्यांचेही म्हणणे अगदीच चूक नव्हते. त्या फुलत जाणाऱ्या गाण्याला नंतर घर उरले नाही.

स्वातंत्र्याच्या सुमारास ‘वंदे मातरम्’ राष्ट्रगीत व्हावे म्हणून कृष्णरावांनी फार खटपट केली. ते समूहाला गाता येते आणि बँडवर वाजविता येते हे दाखविण्यासाठी त्यांनी चाल बांधली आणि संविधान सभेच्या सदस्यांना ती ऐकविली. त्या गीताविषयी आपल्या समाजात काय म्हटले गेले ते सर्वश्रुत आहे. मी येथे तो वाद उघडत नाही, आणि ही हकीकत झाकूनही ठेवीत नाही. चरित्र म्हटले की आपल्याला सोयीचे तेवढेच सांगून चालत नाही. २४ जानेवारी १९५० रोजी ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरले आणि ‘वंदे मातरम्’ला त्याच्या बरोबरीचा मान देण्यात आला. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेवरून याच कृष्णरावांनी पाली भाषेतील बुद्धवंदनेला स्वरसाज चढविला. १९५६ सालची ती गोष्ट. आळंदीच्या वारकरी वातावरणात जन्म, खाँसाहेबांच्या परंपरेतील तालीम, मिर्झा-जिवबाच्या मैत्रीला चाल, आणि बुद्धवंदनेला स्वर, एवढे सारे एका गळ्याने केले.

‘रागसंग्रह’ या नावाने त्यांनी बंदिशींचे सात भाग छापले. उस्तादांकडून जे मुश्किलीने मिळाले ते त्यांनी पुस्तकात सर्वांसमोर मांडून ठेवले. पुष्कळ गवई चिजा लपवून मरतात. १९७१ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. २० ऑक्टोबर १९७४ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

प्रभातचा स्टुडिओ तोवर गेला होता. त्या आवारात १९६०पासून चित्रपटविद्येची सरकारी संस्था आहे. ध्वनिमुद्रण हा तेथे शिकविला जाणारा एक स्वतंत्र विषय आहे, आणि तेथे प्रवेश मिळविण्यास पदवीची अट आहे, उर्दू माध्यमाची आडकाठी नाही. आपल्या खोडदच्या माळावर मोठमोठ्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून रात्रंदिवस ऐकत उभ्या आहेत आणि त्यांच्यासाठी आसपासचा गोंगाट आवरता घ्यावा लागतो, हे आपली मुले सहलीत पाहून येतातच. पुढची सहल पुण्यास नेता आली तर त्या जुन्या स्टुडिओच्या आवारातही न्यावी. ‘शेजारी’ सापडला तर आधी घरच्यांबरोबर पाहावा, आणि बुद्धिबळाच्या पटाशी ते दोघे बसतात त्या प्रसंगी कोणी मधे बोलू नये.